चढावरची ओढ

रस्त्याकडेला इतकी माणसं जमली होती की आधी मला वाटलं, अपघातच झाला. हायवेची कडेची पट्टी खरं म्हणजे बिघडलेल्या गाडीसाठी मोकळी ठेवायची असते. तिथे ट्रक, टेम्पो, पाण्याचा टँकर आणि चार-दोन मोटारी एकामागे एक लावलेल्या होत्या. चालक आणि क्लीनर खाली उतरून टाचा उंचावून बघत होते. शेजारून भरधाव गाड्या जात होत्या, त्यांच्या वाऱ्याने शर्ट फडफडत होते, पण आपण कुठे उभे आहोत याचं भान त्या गर्दीत कुणालाच नव्हतं.

गर्दीच्या मधोमध, एका छोट्या मांडवापुढे, होता मार्गबाबा. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरे हातमोजे आणि गळ्यात शिट्टी. साधुपुरुष आणि ट्रॅफिक हवालदार या दोघांचे कपडे एकाच शिंप्याकडे अदलाबदल झालेले दिसत होते. त्याच्यापुढे एक छोटी मोटार उभी होती, तोंड चढाकडे. तिथून पुढे रस्ता चढत गेला होता. हे मी कुणाचं ऐकून सांगत नाही, स्वतःच्या डोळ्यांनी बघून सांगते.

"समोर काय आहे?" त्याने विचारलं.

"चढ," सगळे एका सुरात म्हणाले.

"इंजिन बंद केलं, ब्रेक सोडला, तर गाडी कुठे जाईल?"

"मागे."

"तुमच्या-माझ्या अकलेने मागे. तिच्या मर्जीने कुठे, ते बघा आता."

त्याने मोटारीची किल्ली काढून सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली आणि शिट्टी फुंकली. आत बसलेल्या माणसाने गिअर काढला, हँडब्रेक सोडला. गाडी क्षणभर जागेवरच राहिली. मग कुणी बोटाने ढकलावी तशी पुढे सरकली, आणि हळूहळू वेग घेत चढ चढू लागली. इंजिन बंद, किल्ली बाबाच्या हातात, आणि गाडी निघाली वर. टँकरवाल्याने कानाला हात लावले. बाबाने मग बाटलीतलं पाणी रस्त्यावर ओतलं. ते पाणीसुद्धा गाडीच्या मागोमाग वर वाहत गेलं.

खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. बाबा लबाड आहे हे मी त्याची शिट्टी बघूनच ठरवलं होतं, पण लबाडी नेमकी कुठे आहे ते काही केल्या सापडेना. दोरी नाही, चुंबक नाही, ढकलणारं कुणी नाही. तोंडाळ म्हणून मी सगळीकडे बदनाम, पण त्या वेळी माझी बोलती बंद झाली.

बाबाची बोलती मात्र चालूच होती. "या चढावर एक शक्ती बसली आहे, ही तिची ओढ आहे. वेगाची मर्यादा माणसाने लिहिली, ओढ कुणी लिहिली? कडेची लेन तिची आहे. तिथे जाल तर धरलेच जाल. दुभाजकाला चिकटून चला. ब्रेकला पाय लावाल, तर तिला वाटेल की हा माझ्यापाशी मुक्कामाला आला. काटा ऐंशीच्या खाली आणू नका, श्रद्धा शंभरच्या खाली आणू नका."

मग लाल पट्ट्यांचं वाटप झालं, अर्थात फुकट नव्हे. एक पट्टी स्टिअरिंगला बांधायची आणि दुसरी शेजारच्या खांबाला. तो खांब वेगमर्यादेच्या फलकाचा होता. पट्ट्यांवर पट्ट्या बांधून बांधून त्यांचा फुगारा वर फलकापर्यंत गेला होता आणि त्यावरचा आकडा पार झाकला होता. तिथली मर्यादा पन्नासची. पण आता आत पन्नास आहे की पाचशे, हे कुणाला कळायला मार्ग नव्हता.

मी मोटार चालवायला शिकवते. माझ्या शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक आहे, त्यामुळे शिकाऊ मंडळी मला पाठीमागे 'ब्रेकवाली बाई' म्हणतात. मी त्या गर्दीत उभी होते ती भावजयीच्या फोनमुळे.

माझा धाकटा भाऊ या हायवेवर एका फॅक्टरीची बस चालवतो. सकाळी कामगारांना आणायचं, संध्याकाळी सोडायचं. भावजय त्याच फॅक्टरीत पॅकिंगला आहे, म्हणजे नवऱ्याच्याच बसमधून कामाला जाते. फोनवर ती म्हणाली, "ताई, हे अलीकडे वेड्यासारखी बस चालवतात. मी काही बोलले तर बसमधल्या बायका माझ्यावरच धावून येतात. तुम्ही या. तुमचं ऐकतील."

तिचा हा समज चुकीचा होता. लहानपणापासून भावाने माझं एकदाही ऐकलेलं नाही.

बाबाचा चमत्कार बघून मी भावाच्या घरी गेले आणि त्याच रात्री स्वयंपाकघरात बसून त्याला फैलावर घेतलं. हायवेच्या लेन काय हौस म्हणून आखल्यात का, म्हटलं. बस, ट्रक, जड गाड्या कडेच्या लेनने जायच्या. दुभाजकालगतची लेन ओलांडण्यापुरती. ओलांडलं की परत आपल्या जागी यायचं. तू भरलेली बस त्या लेनमध्ये ऐंशीने हाकतोस आणि मग फॅक्टरीच्या फाट्याला सगळ्या लेन तिरप्या कापून कडेला घुसतोस, हे ड्रायव्हिंग आहे की नेमबाजी?

तो शांतपणे चहा ढवळत राहिला. मग म्हणाला, "ताई, तू गल्लीत वीसच्या वेगाने शिकवतेस. तुला तो चढ माहीत नाही."

"माहीत नाही तर सांग."

"चढाला गाडी जड होते, बरोबर? तिथे होत नाही. तिथे बस माझ्या पायाखालून पळते. पाय उचलला तरी पळते. कुणीतरी पुढून खेचतंय असं वाटतं. मी इतकी वर्षं बस चालवतोय, असं कुठल्याच चढाला होत नाही." त्याने चहाचा कप बाजूला सारला. "टेम्पोवाला गेला तो तिथेच. कडेच्या लेनमध्ये."

टेम्पोवाला त्याचा जिवलग दोस्त. फॅक्टरीचा माल घेऊन तो कडेच्या लेनने सरळ चालला होता. चढ संपतो तिथे खाणीकडून येणारा रस्ता हायवेला मिळतो. तिथे खडी भरलेला एक ट्रक हळूच लेनमध्ये आला, म्हणून याने वेग कमी केला, आणि मागून भरधाव आलेल्या ट्रकने त्याला चिरडलं. त्याआधीही तिथे दोघं-तिघं असेच गेले होते. टेम्पोवाल्याचे दिवस होतात न होतात तोच मार्गबाबा शिट्टी घेऊन हजर झाला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते म्हणतात, पण हा कावळा फांदी मोडल्यावर येऊन बसला आणि मीच मोडली म्हणाला.

फॅक्टरीच्या मॅनेजरने सगळ्या चालकांना लाल पट्टी सक्तीची केली. त्यालाही कुठे काही कळत होतं! एक माणूस मेल्यावर काहीतरी केल्यासारखं दाखवायला हवं होतं, आणि हे स्वस्तातलं होतं. भावाने एकदा कडेच्या लेनने बस नेऊन बघितली, तर मागच्या सीटवरच्या बायका रडायला लागल्या, पुरुष उठून दारापाशी आले, आणि मॅनेजरपुढे तक्रार गेली. पुन्हा असं झालं तर दुसरा चालक बघू, असं मॅनेजरने सांगितलं. नियम पाळावा तर नोकरी जाते, बाबाला पाळावं तर जीव जातो. इकडे आड, तिकडे विहीर.

"तू एकदा बसमधून ये," भाऊ म्हणाला. "मग बोल."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसले. भावजय माझ्या मागे होती. बस गच्च भरलेली. हायवेला लागेपर्यंत भाऊ सुतासारखा सरळ चालवत होता. मग तो मोठा उतार आला, ज्याच्या तळाशी बाबाचा मांडव. तिथे येताच बसमधली बोलणी बंद झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "मधे घे रे बाबा." भावाने इंडिकेटर दिला आणि बस दुभाजकालगतच्या लेनमध्ये नेली.

तिथून पुढे जे झालं त्यात कोंडून पडण्यावाचून मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. एका बाजूला दुभाजक, खिडकीतून हात काढला तर लागेल इतका जवळ. दुसऱ्या बाजूला लांबलचक ट्रेलर, कारण तोही बाबाचा भक्त. पुढे टँकर. मागे एक मोटार दिवे उघडझाप करत आमच्या बंपरला लागलेली. सगळ्यांना त्याच लेनमध्ये यायचं होतं आणि कुणालाच वेग कमी करायचा नव्हता. कडेची लेन मात्र रिकामी होती. समोर चढ दिसत होता आणि भावाचा पाय ॲक्सिलरेटरवर होता.

"पाय काढ," मी म्हणाले.

"चढ आहे, ताई."

"काट्याकडे बघ."

काटा ऐंशी ओलांडून पुढे चालला होता. भावाने पाय उचलला. काटा तसाच वर जात राहिला. भाऊ म्हणाला ते खरं होतं, बस पळत होती. माझा उजवा पाय सवयीने खाली दाबला गेला, पण तिथे ब्रेक नव्हता, नुसता पत्रा होता. मी तो पत्रा दाबत राहिले. कपाळावरून घाम कानामागे उतरत होता आणि मला वाटलं, या बसमधून बाहेर पडायला आता दार नाहीच.

चढाचा माथा जवळ आला तसा फॅक्टरीचा फाटा दिसला, कडेच्या बाजूला, तीन लेन पलीकडे. ट्रेलर पुढे निघाला म्हणून जागा झाली आणि भावाने स्टिअरिंग कापलं. एक लेन गेली, दुसरी गेली, आणि तेवढ्यात खाणीच्या रस्त्याने एक ट्रक बाहेर आला. बिचाऱ्याने व्यवस्थित बघून, हळू येऊन, आपल्या लेनमध्ये पाऊल टाकलं होतं. आमची बस त्याच्या तोंडापुढून गेली. त्याच्या ब्रेकचा आवाज आणि आमच्या बायकांचा आवाज एकच झाला. भावाने आता कुठे ब्रेक दाबला. बस फाट्यात आडवीतिडवी शिरली आणि थांबली. भावजयीचं कपाळ समोरच्या दांडीवर आपटून फुटलं होतं.

मी तिच्या कपाळावर रुमाल दाबून धरला. मागे एक बाई म्हणाली, "बाबांची पट्टी होती म्हणून वाचलो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तेव्हा जितकी भीती वाटली तितकी ट्रक समोर आला तेव्हाही वाटली नव्हती. या लोकांना कुठून बाहेर काढायचं? वाचलो तर बाबामुळे. मेलो तर श्रद्धा कमी पडली. कुठल्याही बाजूने गेलं तरी परत त्याच खोलीत.

भाऊ बसमधून उतरला आणि त्याने बायकोला हात देऊन खाली उतरवलं. भावजयीला फॅक्टरीतल्या दवाखान्याच्या खोलीत नेलं, टाका घालावा लागला. भावाला मी फाटकाजवळच्या बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. आम्ही दोघंही बोलत नव्हतो, म्हणून मला तो आवाज ऐकू आला.

दुभाजकाच्या पलीकडच्या रस्त्याने उलट दिशेचे ट्रक जात होते. त्यांना तोच चढ उतार होऊन मिळायला हवा. पण ट्रक कण्हत होते. चालक गिअर खाली आणत होते, दुसऱ्या गिअरची ती रडकी घरघर मला झोपेतही ओळखू येते. शिकाऊ लोकांचे गिअर ऐकण्यातच माझं आयुष्य गेलंय. उताराला कुणी दुसरा गिअर टाकून पूर्ण जोर लावत नाही, धूर तर मुळीच सोडत नाही.

"परत जाताना तू इथे कुठल्या गिअरमध्ये असतोस?" मी भावाला विचारलं.

"तिसऱ्या. भरलेली असेल तर दुसऱ्या."

"उताराला?"

"ती परत जाऊ देत नाही. मागे खेचते. सगळ्यांनाच माहीत आहे ते."

म्हणजे जाताना पुढे खेचते, येताना मागे खेचते. पण दोन्ही वेळा एकाच टोकाकडे. मी उठले. मला हा रस्ता कडेने, लांबून बघायचा होता. रस्त्यावर उभं राहून बघणारा प्रत्येक जण तेच बघत होता जे मी बघितलं होतं.

चढाच्या कडेने एक उंच भिंत आहे, आवाज आणि धूळ अडवायला बांधलेली. त्या भिंतीच्या बरोबर मागे फॅक्टरीची इमारत. गच्चीवर फक्त पाण्याच्या टाक्या, दाराला कुलूप, किल्ली वॉचमनकडे. वॉचमनला मी सांगितलं की मॅनेजरसाहेबांनी पाठवलंय. विज्ञानासाठी थोडं खोटं चालतं.

गच्चीवरून खाली बघितलं आणि मी हसायलाच लागले. भाऊ धावत माझ्याजवळ आला, त्याला वाटलं मला चक्कर आली.

"बघ," मी म्हणाले.

खाली रस्ता होता आणि तो उतरत होता. थोडाथोडका नव्हे, स्वच्छ, ढळढळीत उतरत होता, बाबाच्या मांडवापासून थेट फाट्यापर्यंत. भिंत मात्र पुढे पुढे उंच होत गेली होती, आणि तिच्यावर रंगवलेला पट्टा वर चढत गेला होता. रस्त्यावरून येणाऱ्याला समोर क्षितिज दिसत नाही, शेजारी ही चढणारी भिंत दिसते. त्यात तो आधीचा मोठा उतार. तीव्र उतारावरून सौम्य उतारावर आलं की डोळ्याला वाटतं, रस्ता वर निघाला. उतार तो उतारच राहतो, पण दिसतो चढ.

म्हणून बंद मोटार 'चढली'. म्हणून पाणी 'वर' गेलं. ती दोन्ही आपली मुकाट्याने उताराकडे निघाली होती, पृथ्वीच्या पाठीवर सगळं पाणी आणि सगळी चाकं जातात तशी. आणि म्हणूनच माझा भाऊ उताराला ॲक्सिलरेटर दाबत होता. तो एकटाच नव्हे, प्रत्येक जण. चढ समजून दाबायचं, पन्नासच्या जागी नव्वदने खाली यायचं, आणि खाली नेमका खाणीचा रस्ता. टेम्पोवाल्याच्या मागच्या ट्रकला कुणी खेचलं नव्हतं. त्या चालकाला वाटलं होतं आपण चढतोय.

भाऊ कठड्याला धरून उभा होता. तो म्हणाला, "मग त्या फलकावर पन्नास का लिहिलंय, ते मी कधी विचारलंच नाही. वाटायचं, चढाला पन्नास म्हणजे काय मूर्खपणा."

तेवढ्यात बाबाच्या मांडवातून त्याची पांढरी मोटार निघाली. दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती. आम्ही दोघंही वाकून बघू लागलो. मोटार कडेच्या लेनमध्ये आली आणि कडेच्याच लेनमध्ये राहिली. तिच्या मागचे लाल दिवे लागले, विझले, पुन्हा लागले. चालक ब्रेक लावत होता. पाठीमागून टेम्पो हॉर्न वाजवत दुसऱ्या लेनने पुढे गेले, पण पांढरी मोटार शिकाऊ माणसासारखी शहाण्या गतीने खाली उतरत राहिली.

"त्याला माहीत आहे," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मला तो लहान असतानाचा वाटला.

मॅनेजरला मी सगळं सांगितलं. तो आधी मला गच्चीचं कुलूप कुणी उघडलं ते विचारत बसला. पण भावजय कपाळाला पट्टी बांधून त्याच्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, उद्या जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वर न्या, नाहीतर ही जखम कशी झाली ते मी बाहेर सांगते." आमच्या घरात तोंड फक्त मलाच आहे असं मी समजत होते.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत सगळे गच्चीवर. डबे हातात तसेच. कुणी हळू बोललं की रस्ता खाली जातोय, कुणी म्हणालं की उंचावरून तसं वाटत असेल. एक जण म्हणाला, "चढावरच्या त्या शक्तीने आपल्यालाही भारलं असेल." मी रस्त्याबद्दल एक शब्द बोलले नाही. फक्त म्हणाले, बाबा जेवायला निघतील, त्यांची गाडी बघा.

गाडी निघाली. कडेची लेन. ब्रेकचे दिवे. कुणीतरी मोठ्याने मोजायला सुरुवात केली, दिवा लागला की एक. आधी एकटा, मग चार जण, मग सगळी गच्ची. ज्या लेनमध्ये पाय ठेवला तर मरण, त्या लेनमधून बाबा पोटपूजेला चालले होते. जिथे ब्रेक म्हणजे कायमचा मुक्काम, तिथे बाबांचा पाय ब्रेकवरून उठत नव्हता. बसमधली ती बाई माझ्या शेजारी उभी होती. तिचा घास तोंडातच राहिला होता. तिचा मुलगा टेम्पोवाल्याबरोबर कामाला होता, हे मला नंतर कळलं. तिने हातातला डबा खाली ठेवला आणि ती रडू लागली.

संध्याकाळी पंधरा-वीस माणसं मांडवापाशी गेली. पुढे भाऊ होता. त्याने मार्गबाबाला एवढंच विचारलं की महाराज, चढावर तुम्ही ब्रेक कशाला लावता?

"मी तिला नमस्कार करतो," बाबा म्हणाला. पण त्याचा हात आपोआप शिट्टीकडे गेला.

"आणि तिच्या लेनमध्ये कसे जाता?"

"मला तिची परवानगी आहे."

"मग टेम्पोवाल्याला का नव्हती?" भावाने विचारलं. "तो तर पन्नासच्या आतच होता."

टँकरवाला पुढे झाला, त्याने गवंड्याकडून आणलेली पाण्याची पारदर्शक नळी बाबासमोर पसरली. एक टोक मांडवाशी जमिनीलगत, एक टोक पुढे. दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत आलं तेव्हा पुढचं टोक रस्त्यापासून गुडघाभर उंच धरावं लागत होतं. म्हणजे पुढची जमीन तितकी खाली होती. बाबा म्हणाला की तिने नळीतलं पाणी ओढलं. कुणी हसलं. हसू एकदा सुटलं की बाबा लोकांचं काही चालत नाही. अंधार पडायच्या आत मांडव उतरला होता. बाबाला कुणी हात लावला नाही. मी तयारीत होते, पण भावाने अडवलं. त्याने पोलिसांना आधीच कळवलं होतं. फलकावरच्या पट्ट्या दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या विभागाने कापून काढल्या. 'येथे उतार आहे' असा आणखी एक फलक लागावा, म्हणून आम्ही अजून अर्ज करतोय.

इथे गोष्ट संपावी असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण त्यानंतरच्या पहिल्या सकाळी बसमध्ये निम्म्याच सीट भरल्या. गच्चीवर रडलेली बाई आली, तिच्या शेजारणी आल्या नाहीत. भावजय पुढच्या सीटवर बसली. मीही गेले.

मोठ्या उताराच्या तळाशी भावाने कडेची लेन धरली. समोरचा रस्ता बघून मी डोळे चोळले.

"ताई," भाऊ हळूच म्हणाला, "तुला आता उतार दिसतोय?"

"नाही. चढच दिसतोय."

"मलापण. मला वाटलं होतं, एकदा कळलं की दिसायला लागेल." त्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते. "पाय अजून म्हणतोय, दाब."

"म्हणू दे. तू काट्याकडे बघ."

त्याने काट्याकडे बघितलं. पंचावन्न. त्याने पाय उचलला, हलकेच ब्रेक लावला. पन्नास. दुसऱ्या लेनमधून गाड्या भर्रकन पुढे जात होत्या, त्यातल्या काहींच्या स्टिअरिंगला अजून लाल पट्ट्या होत्या. खाणीच्या रस्त्याने एक ट्रक येऊन आमच्यापुढे लेनमध्ये लागला. आमच्यात भरपूर अंतर होतं. त्याच्या चालकाने आमच्याकडे वळूनही बघितलं नाही. भावजयीने मागून माझा खांदा दाबला आणि बराच वेळ सोडला नाही.

वाचकहो, एवढंच सांगायचं आहे. आपला डोळा फसतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. माझाही फसला आणि पुन्हा गेले तर पुन्हा फसेल. डोळा फसणार हे माहीत होतं म्हणूनच माणसाने काटा बनवला, पाण्याची पातळी लावली, रस्ता मोजला आणि मोजून आलेला आकडा फलकावर लिहिला. तुमच्या रस्त्यावर कुणी शिट्टी वाजवून सांगेल की हा आकडा तुमच्यासाठी नाही, तर त्याला एकच विचारा, की महाराज, तुमचा स्वतःचा पाय कुठे आहे? आणि कुणी विचारायला नसेल तेव्हा स्वतःलाच विचारा. माझ्या भावाला आजही त्या ठिकाणी चढच दिसतो, आणि आजही तो तिथे पाय उचलतो.